रेट सिंड्रोमच्या संशोधनाचा इतिहास (१९५४ ते २०२४) : एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : रेट सिंड्रोम, दुर्मिळ जनुकीय विकार, मेंदूची वाढ, पीएच.डी.-उत्तर संशोधन, मेथिलीकरण, विज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना :

विज्ञानाचा इतिहास सांगताना शोधाचे वर्ष आणि शोधकर्त्याचे नाव यांची जोडी लावून देण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. त्यामुळे शोध हा एका क्षणी, एका व्यक्तीच्या हातून लागतो असा समज विद्यार्थ्यांच्या मनात दृढ होतो. प्रत्यक्षात अनेक शोधांना दीर्घ पूर्वपीठिका असते. तीत उपेक्षित निरीक्षणे, चुकीची अनुमाने आणि परस्परांना अपरिचित अशा प्रयोगशाळांमध्ये स्वतंत्रपणे चाललेले काम यांचा समावेश असतो. मेंदूच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या दुर्मिळ जनुकीय विकारांच्या संशोधनाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. अशा विकारांचे रुग्ण संख्येने थोडे व विखुरलेले असतात. त्यांच्यावर संशोधन करणाऱ्या तरुण अभ्यासकाला यशाची हमी नसते आणि संशोधनास लागणारा काळ कोणत्याही शिष्यवृत्तीच्या मुदतीपेक्षा मोठा असतो.

प्रस्तुत निबंधात ‘रेट सिंड्रोम’ या विकाराच्या संशोधनाचा इतिहास मांडला आहे. हा विकार जवळजवळ केवळ मुलींमध्ये आढळतो. त्याचे प्रमाण सुमारे दहा हजार मुलींमागे एक असे मानले जाते. बालिका जन्मानंतर सहा ते अठरा महिन्यांपर्यंत सर्वसाधारणपणे वाढते. काही शब्द बोलते, खेळणी हाताळते, कित्येकदा चालूही लागते. त्यानंतर डोक्याच्या वाढीचा वेग मंदावतो, बोलणे लोपते आणि हातांचा हेतुपूर्वक उपयोग नाहीसा होतो. त्याजागी हात चोळण्याची, पिळण्याची अथवा धुतल्यासारखी अविरत हालचाल सुरू होते. पुढे झटके, श्वसनातील अनियमितता व पाठीच्या कण्याचा वाक हे त्रास उद्भवतात. मिळवलेली कौशल्ये गमावणारे मूल पाहणे हा पालकांच्या दृष्टीने या विकारातील सर्वांत दुःसह भाग होय.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पहिल्या निरीक्षणापासून (१९५४) कारणाचा शोध लागेपर्यंत (१९९९) पंचेचाळीस वर्षे का लागली याची कारणमीमांसा करणे.
२) या शोधात पीएच.डी.-उत्तर संशोधनाची भूमिका तपासणे.
३) वैद्यकीय नामकरण व सामाजिक दोषारोप यांच्यातील संबंध स्पष्ट करणे.

व्हिएन्ना : निरीक्षण आणि विस्मृती

इ.स. १९५४ मध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट (१९२४–१९९७) यांच्या प्रतीक्षाकक्षात दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसल्या होत्या. दोघींच्या हातांची हालचाल सारखीच होती. रेट यांनी आपल्याकडील जुनी टिपणे काढून पाहिली, तेव्हा अशाच आणखी काही मुलींची नोंद सापडली. या मुलींच्या हालचालींचे त्यांनी चित्रीकरण केले व अन्यत्र असे रुग्ण आढळतात काय याचा शोध घेण्यासाठी ते युरोपात हिंडले. अखेर १९६६ मध्ये बावीस मुलींची माहिती देणारा त्यांचा जर्मन भाषेतील लेख व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

हा लेख दुर्लक्षित राहिला. तो जर्मन भाषेत होता, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे आणि ते खरेही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यकीय ज्ञानव्यवहाराची भाषा झपाट्याने इंग्रजी होत गेली. तथापि भाषा हे एकमेव कारण मानता येत नाही. रेट यांनी १९७७ मध्ये चेतासंस्थेच्या विकारांवरील एका इंग्रजी संदर्भग्रंथात याच विकारावर प्रकरण लिहिले, तरीही त्याची विशेष दखल घेतली गेली नाही. दुसरे कारण विकाराला दिलेल्या वर्णनात दडलेले आहे. रेट यांनी मेंदूचा क्षय आणि रक्तातील अमोनियाचे वाढलेले प्रमाण ही या विकाराची प्रमुख लक्षणे मानली आणि लेखाच्या शीर्षकातच त्यांचा निर्देश केला. पुढे अन्य ठिकाणच्या मुलींमध्ये अमोनियाची वाढ सातत्याने आढळली नाही. साहजिकच ज्या वैद्यांकडे अशा मुली येत होत्या, त्यांना आपले रुग्ण आणि रेट यांचे रुग्ण एकच आहेत हे ओळखण्यास वाव राहिला नाही. निरीक्षण अचूक होते; त्याला चिकटवलेले स्पष्टीकरण चुकीचे होते. स्पष्टीकरण नावात शिरले, आणि नावाने निरीक्षण झाकून टाकले.

व्हिएन्नाचा उल्लेख करताना त्या शहराच्या नजीकच्या भूतकाळाकडे डोळेझाक करणे इतिहासाच्या अभ्यासकाला शक्य नाही. १९४० ते १९४५ या काळात याच शहरातील ‘आम श्पीगेलग्रुंट’ या संस्थेत नाझी राजवटीच्या धोरणानुसार शारीरिक व मानसिक अपंगत्व असलेल्या शेकडो मुलांची हत्या करण्यात आली. त्यांचे मेंदू जतन करून ठेवण्यात आले आणि युद्धानंतरही अनेक वर्षे त्यांच्यावर संशोधन चालू राहिले. त्या संस्थेत काम केलेले हाइनरिख ग्रोस हे वैद्य युद्धोत्तर ऑस्ट्रियात प्रतिष्ठित पदांवर राहिले व त्यांना १९७५ मध्ये शासकीय सन्मानही मिळाला. तो २००३ मध्ये काढून घेण्यात आला. या मुलांच्या अवशेषांचे दफन २००२ मध्ये झाले. रेट यांनी युद्धोत्तर व्हिएन्नात अपंग मुलांच्या उपचारासाठी आयुष्य वेचले ही वस्तुस्थिती आहे. त्याच वेळी ग्रोस यांच्याशी त्यांचे व्यावसायिक संबंध होते हेही इतिहासकारांनी निदर्शनास आणले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र नोंदवणे आवश्यक आहे. ज्या समाजाने काही वर्षांपूर्वी अशी मुले जगण्यास अपात्र ठरवली होती, त्याच समाजात त्यांच्याकडे रुग्ण म्हणून पाहण्यास सुरुवात झाली. हे संक्रमण निर्मळ नव्हते.

गोटेनबर्ग : नामकरण

स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील बालचेतातज्ज्ञ बेंग्ट हागबर्ग यांनाही १९६० पासून अशाच मुली आढळत होत्या. रेट यांच्या कामाची त्यांना कल्पना नव्हती. जपानमध्येही १९७८ मध्ये अशा तीन मुलींची माहिती स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी हागबर्ग यांना रेट यांच्या कामाचा परिचय झाला आणि आपण दोघे एकाच विकाराचे वर्णन करीत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले. १९८३ मध्ये हागबर्ग यांनी फ्रान्समधील ज्याँ एकार्डी व पोर्तुगालमधील सहकाऱ्यांसमवेत पस्तीस मुलींची माहिती देणारा लेख इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्या आधी नोंद करणाऱ्या रेट यांचे नाव त्यांनी या विकाराला दिले.

या नामकरणाचे परिणाम दूरगामी ठरले. तोपर्यंत या मुलींचे निदान स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अथवा अज्ञात मतिमंदत्व असे केले जाई. यांपैकी स्वमग्नतेच्या निदानाला त्या काळी विशेष सामाजिक अर्थ होता. अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथातून स्वमग्नतेचे मूळ आईच्या भावशून्य वागणुकीत असल्याचा विचार लोकप्रिय केला होता. चालती-बोलती मुलगी दीड वर्षाची असताना अबोल होते, तेव्हा आईच्या हातून काय चुकले असा प्रश्न विचारला जाणे त्या वातावरणात स्वाभाविक मानले गेले. स्वतंत्र नाव मिळाल्यामुळे विकार बरा झाला नाही. परंतु विविध देशांतील पालकांना परस्परांचा शोध लागला, त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि पुढील संशोधनाला लागणारे रुग्ण व त्यांच्या नोंदी उपलब्ध झाल्या. संख्येने थोड्या असलेल्या रुग्णांच्या बाबतीत नामकरण ही संशोधनाची पूर्वअट असते.

येथेही एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. १९८३ च्या लेखाच्या शीर्षकात या विकाराचे वर्णन वाढत जाणारा, स्वमग्नता व बौद्धिक ऱ्हास असलेला असे करण्यात आले होते. पुढील अभ्यासातून हे वर्णनही अपुरे ठरले. कौशल्ये गमावण्याच्या टप्प्यानंतर अनेक मुलींची स्थिती दीर्घकाळ स्थिर राहते. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये चेतापेशी आकाराने लहान व त्यांच्या शाखा तोकड्या आढळल्या. परंतु मोठ्या प्रमाणावर पेशी मृत झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे हा मेंदूच्या क्षयाचा नव्हे, तर त्याच्या वाढीचा व परिपक्वतेचा विकार होता. हा भेद पुढे निर्णायक ठरला.

ह्यूस्टन : पीएच.डी.-उत्तर संशोधनातील पेच

हुदा झोग्बी यांचे बालपण लेबनॉनमधील बैरूत येथे गेले. गृहयुद्धामुळे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या अमेरिकेत आल्या व तेथे त्यांनी ते पूर्ण केले. ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयात बालचेताविज्ञानाचे प्रशिक्षण घेत असताना १९८३ मध्ये त्यांनी रेट सिंड्रोमची पहिली रुग्ण पाहिली. हागबर्ग यांचा लेख नुकताच प्रसिद्ध झाला होता. अल्पावधीतच दुसरी रुग्ण आढळली. झोग्बी यांनी रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासल्या असता वेगळ्या निदानाखाली नोंदवलेल्या आणखी काही मुली सापडल्या. व्हिएन्नात १९५४ मध्ये घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. विकार दुर्मिळ होता. पण त्याहून अधिक दुर्मिळ होते त्याला ओळखणे.

या मुलींमधील लक्षणे इतकी समान होती की त्यांमागे एकच जनुकीय कारण असावे असे झोग्बी यांना वाटले. कारणाचा शोध घेण्यासाठी त्यांनी आर्थर बोडे यांच्या प्रयोगशाळेत रेणवीय जनुकशास्त्रातील पीएच.डी.-उत्तर पातळीवरील संशोधन सुरू केले. परंतु येथे एक मूलभूत अडचण होती. त्या काळी जनुकाचा ठावठिकाणा शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे एकाच कुटुंबातील अनेक पिढ्यांमधील बाधित व निरोगी व्यक्तींच्या गुणसूत्रांची तुलना करणे. रेट सिंड्रोमच्या नव्याण्णव टक्क्यांहून अधिक रुग्ण कुटुंबातील एकमेव असत. जेथे वंशावळच नाही, तेथे आनुवंशिकतेचा माग काढायचा कसा? म्हणून मार्गदर्शकांच्या सल्ल्यानुसार झोग्बी यांनी अधिक सुकर अशी समस्या निवडली. ती होती तोल जाण्याचा एक आनुवंशिक विकार, ज्याची अनेक पिढ्यांची कुटुंबे उपलब्ध होती. मिनेसोटा येथील हॅरी ऑर यांच्या सहकार्याने त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले. या काळात रेट सिंड्रोमचे काम त्यांनी सोडले नाही. ते प्रयोगशाळेत समांतरपणे चालू ठेवले.

हा तपशील संशोधन-व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पीएच.डी.-उत्तर संशोधकाजवळ वेळ थोडा असतो, नोकरी स्थिर नसते आणि पुढील वाटचाल प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवर अवलंबून असते. अशा व्यक्तीने वंशावळ नसलेल्या विकाराच्या मागे लागणे हे व्यावहारिकदृष्ट्या अविचाराचेच होते. सुकर समस्येतून मिळालेल्या प्रतिष्ठेने व साधनांनी दुष्कर समस्येचा खर्च भागवला, असे या घटनाक्रमाचे वर्णन करता येईल.

एडिनबरो : वेगळ्या प्रश्नाचे उत्तर

याच काळात अगदी निराळ्या प्रश्नावर काम चालू होते. डीएनएच्या रेणूवर काही ठिकाणी मेथिल नावाचा लहानसा रासायनिक गट जोडलेला असतो. या क्रियेला मेथिलीकरण म्हणतात. पेशीतील सर्व जनुके सर्व काळ कार्यरत नसतात. कोणती जनुके मूक ठेवायची याच्याशी मेथिलीकरणाचा संबंध असतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ एड्रियन बर्ड व त्यांचे सहकारी मेथिलीकरण झालेल्या जागा ओळखून त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांचा शोध घेत होते. १९९२ मध्ये एडिनबरो येथील त्यांच्या गटाने ‘एमईसीपी२’ या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. या संशोधनामागे कोणत्याही रोगाचा विचार नव्हता. योगायोगाची गोष्ट अशी की, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्ड यांनी काही वर्षे व्हिएन्नातच संशोधन केले होते. रेट यांचे शहर आणि त्यांच्या विकाराचे उत्तर ज्या संशोधनातून पुढे येणार होते ते संशोधन काही काळ इतके जवळ होते. पण त्यांच्यात संबंध आहे हे कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१९९९ : कारणाचा शोध

रेट सिंड्रोम मुलींमध्येच आढळतो, यावरून त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असावे असा तर्क होता. मुलींच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात व प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निष्क्रिय होते, हे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले होते. त्यामुळे बाधित मुलीच्या मेंदूत सदोष व निर्दोष जनुक वापरणाऱ्या पेशींचे मिश्रण असते. मुलाजवळ एकच एक्स गुणसूत्र असल्याने तोच दोष बहुधा अर्भकावस्थेतच गंभीर रूप धारण करतो.

वंशावळींचा अभाव असला तरी जगभरात मोजक्या कुटुंबांत दोन बाधित बहिणी अथवा एकाच आईच्या दोन सावत्र बहिणी आढळल्या होत्या. संशोधकांनी या बहिणींच्या एक्स गुणसूत्रांची तुलना केली. ज्या भागांत बहिणींमध्ये साम्य नाही ते भाग वगळत जाण्याची ही पद्धत होती. दोषी जनुक कोठे आहे हे सांगण्याऐवजी ते कोठे नाही हे ती सांगे. वर्षानुवर्षांच्या वजाबाकीनंतर गुणसूत्राच्या टोकाजवळचा एक भाग उरला. या भागातील जनुके एकेक करून तपासण्याचे चिकाटीचे काम झोग्बी यांच्या प्रयोगशाळेतील पीएच.डी.-उत्तर संशोधक रूथी अमीर यांनी केले. अनेक जनुके निर्दोष ठरल्यानंतर त्यांना एमईसीपी२ या जनुकात उत्परिवर्तन सापडले. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमीर, इग्नेशिया व्हान डेन व्हेयव्हर, स्टॅनफर्ड येथील उटा फ्रांके, झोग्बी व अन्य सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तपासलेल्या एकवीस एकाकी रुग्णांपैकी पाच जणींमध्ये या जनुकातील नवे उत्परिवर्तन आढळले होते. दोन सावत्र बहिणींमध्येही उत्परिवर्तन होते; त्यांच्या आईच्या तपासलेल्या पेशींत मात्र ते आढळले नाही. ते तिच्या काही बीजपेशींपुरतेच मर्यादित असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

‘नवे उत्परिवर्तन’ या शब्दप्रयोगाला येथे वैज्ञानिक अर्थाइतकाच सामाजिक अर्थही आहे. हा दोष बहुतेक वेळा आईवडिलांकडून वारशाने आलेला नसतो. तो बीजपेशी तयार होताना नव्याने उद्भवतो. नंतरच्या अभ्यासांतून असेही दिसले की, बहुसंख्य रुग्णांमध्ये तो वडिलांकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर उद्भवलेला असतो. वडिलांचे एक्स गुणसूत्र केवळ मुलीलाच मिळत असल्यामुळे मुलींचे प्रमाण इतके अधिक का, याचाही उलगडा त्यातून होतो. आईच्या संगोपनाला, आहाराला किंवा घराण्याला दोष देण्याला विज्ञानाचा कोणताही आधार उरला नाही. वडिलांकडे बोट दाखवण्यासही तो आधार देत नाही. कारण ही पेशीविभाजनातील आकस्मिक घटना असून तिच्यावर कोणाचेही नियंत्रण नसते.

शोधानंतर : आशा आणि मर्यादा

१९९९ नंतर संशोधनाचा वेग वाढला. २००१ मध्ये बर्ड यांच्या आणि अमेरिकेतील रुडॉल्फ येनिश यांच्या गटांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. या उंदरांत रेट सिंड्रोमसारखी लक्षणे दिसली. २००७ मध्ये जॅकी गाय, बर्ड व सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांमधील हे जनुक बंद अवस्थेत ठेवले आणि लक्षणे प्रकट झाल्यावर औषधाच्या साह्याने ते पुन्हा सुरू केले. आजारी उंदरांची लक्षणे मोठ्या प्रमाणात ओसरली. वाढीच्या काळात बिघडलेला मेंदू कायमचा बिघडलेला असतो, या दीर्घकाळच्या समजुतीला या प्रयोगाने धक्का दिला. पेशी मृत झालेल्या नाहीत, या पूर्वीच्या निरीक्षणाचे महत्त्व आता स्पष्ट झाले. झोग्बी व बर्ड यांना २०२० मध्ये मेंदूसंशोधनासाठीचे ‘ब्रेन प्राइझ’ संयुक्तपणे देण्यात आले.

तथापि उंदरातील यश माणसात उतरवणे सोपे नाही. हे प्रथिन कमी असल्यास रेट सिंड्रोम होतो, तर त्याचे जनुक दुप्पट झाल्यास वेगळा गंभीर मेंदूविकार होतो, असे २००५ मध्ये मानवी रुग्णांत दिसून आले. म्हणजे बाहेरून जनुक पुरवताना मात्रा नेमकी राखणे अपरिहार्य आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने दोन वर्षांवरील रुग्णांसाठी ‘ट्रोफिनेटाइड’ या औषधाला मान्यता दिली. या विकारासाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध होय. ते लक्षणे काही अंशी सौम्य करते; मूळ दोष दुरुस्त करत नाही. त्याच वर्षी जनुकोपचाराच्या मानवी चाचण्यांना प्रारंभ झाला. २०२४ मध्ये अशा एका चाचणीत अधिक मात्रा दिलेल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला व त्या मात्रेचा वापर थांबवण्यात आला. पालकांची घाई आणि विज्ञानाची सावधगिरी यांतील ताण या घटनेने ठळक केला. ज्यांच्याजवळ वाट पाहण्यास वेळ नाही त्यांची घाई समर्थनीय आहे, आणि मात्रेची मर्यादा ठाऊक असलेल्यांची सावधगिरीही तितकीच समर्थनीय आहे.

निष्कर्ष :

१) निरीक्षण व कारणशोध यांतील पंचेचाळीस वर्षांच्या अंतराला केवळ तंत्रज्ञानाचा अभाव जबाबदार नव्हता. भाषेचा अडसर, चुकीच्या स्पष्टीकरणावर आधारित वर्णन आणि वंशावळींचा अभाव ही तीन कारणे एकत्र आली होती. यांपैकी पहिली दोन टाळता येण्याजोगी होती.

२) रोगाचा विचार न करता केलेल्या मूलभूत संशोधनाने रोगाचे उत्तर पुरवले. एमईसीपी२ चे वर्णन १९९२ मध्ये झाले नसते, तर १९९९ मध्ये सापडलेले उत्परिवर्तन हे अर्थ न लागणारे एक अक्षर ठरले असते. उलट रुग्णांच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या नसत्या, तर त्या प्रथिनाचे मानवी मेंदूतील महत्त्व दीर्घकाळ अज्ञात राहिले असते. मूलभूत व उपयोजित अशी संशोधनाची प्रतवारी करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

३) झोग्बी यांनी पीएच.डी.-उत्तर टप्प्यावर रेट सिंड्रोमला दुय्यम स्थान दिले, तर अमीर यांनी त्याच टप्प्यावर त्याचा शोध पूर्णत्वास नेला. दोघींमधील फरक गुणवत्तेचा नसून पाठबळाचा होता. अमीर यांच्यामागे सोळा वर्षे प्रश्न न सोडणारी प्रयोगशाळा उभी होती. दुष्कर प्रश्नावर काम करण्याचे धैर्य तरुण संशोधकाकडून अपेक्षित असेल, तर अपयशाचा भार वाहण्याची तयारी संस्थेने ठेवली पाहिजे.

४) कारणाच्या शोधाने रुग्णांना तत्काळ उपचार दिले नाहीत, परंतु मातांना दोषमुक्त केले. वैद्यकीय ज्ञानाचे मूल्य केवळ औषधाच्या कसोटीवर मोजणे त्यामुळे अपुरे ठरते.

रेट यांच्या प्रतीक्षाकक्षातील त्या दोन मुलींच्या हयातीत त्यांच्या विकाराचे कारण कळले किंवा नाही, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने गौण नाही. संशोधनातील विलंब कोष्टकात वर्षांनी मोजला जातो. ज्यांच्यासाठी ते संशोधन चालते, त्यांच्या बाबतीत तो आयुष्यांनी मोजावा लागतो. दुर्मिळ विकारांच्या इतिहासाचा अभ्यास करताना ही दुसरी मोजपट्टी हाताशी ठेवणे अगत्याचे आहे.